घरातली जुनी पत्रं आणि कागदपत्रं: ट्रंक उघडण्यापासून पुढच्या पिढीच्या हाती देईपर्यंत

वाडा विकायला काढला, इमारत पुनर्विकासाला गेली किंवा घरातलं शेवटचं वडीलधारं माणूस गेलं, की माळ्यावरची ट्रंक खाली येते. आत पोस्टकार्डांचे गठ्ठे, लग्नपत्रिका, गुंडाळलेल्या जन्मपत्रिका, स्टँपपेपर, शाळेचे दाखले, एखादं मोडी बाड. घर लवकर रिकामं करायचं असतं आणि कोणीतरी म्हणतं, "सगळ्याचे फोटो काढू आणि बाकीचं रद्दीत देऊ." नेमका त्या वेळी हा लेख हाताशी असावा असं मला वाटतं. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या कागदांची व्यवस्था मी लावली आहे. ते करताना जे जाणत्यांकडून शिकायला मिळालं, ते इथे क्रमाने मांडते आहे.

कागद आपल्याला वाटतो त्यापेक्षा चिवट असतो. त्याच्याभोवतीची माहिती मात्र फार लवकर नाहीशी होते. पत्र शाबूत आहे, पण "चि. बाळ" म्हणजे कोण हे सांगणारं कोणीच उरलेलं नाही, असं घरोघरी झालेलं दिसेल. म्हणून यात कागदाला कमीत कमी हात लावायचा आहे आणि माणसांना जास्तीत जास्त प्रश्न विचारायचे आहेत.

१. ट्रंकेआधी माणसं गाठा

कुटुंबात ऐंशीच्या आसपासचं कोणी असेल तर सगळ्यात आधी त्यांच्याकडे जा. स्कॅनर पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. सोबत दहा-पंधरा पत्रं आणि थोडे फोटो न्या, संपूर्ण ट्रंक नेऊ नका. सगळं एकदम समोर ठेवलं की म्हातारी माणसं दमतात. फोनवर आवाज रेकॉर्ड करायची परवानगी आधी मागा आणि फोन बाजूला ठेवून द्या.

"या पत्राबद्दल सांगा" असं विचारलं की "काय सांगायचं, साधंच पत्र आहे" असं उत्तर येतं. नेमकं विचारा. हे अक्षर कोणाचं? तेव्हा हे कुठे राहत होते, भाड्याच्या खोलीत की स्वतःच्या घरात? पत्रात आलेले अण्णा म्हणजे कोणते अण्णा? प्रत्येक पिढीत एक अण्णा, एक ताई आणि एक बाळ असतो, आणि सगळे गोंधळ तिथेच होतात.

अक्षराचा प्रश्न तर विचाराच. पूर्वी लिहिता न येणाऱ्या बायका पत्र शेजारच्या मास्तरांकडून, पोस्टमनकडून किंवा शाळकरी नातवाकडून लिहवून घेत. पत्र आजीचं, अक्षर भलत्याचंच. हे माहीत नसेल तर दोन वेगळ्या बायकांची पत्रं एकीची वाटतात, किंवा एकीच्याच पत्रांचे दोन ढीग होतात.

२. जमवायचं साहित्य

यातलं बहुतेक सगळं गावात मिळतं:

- रंगकामाचा रुंद, मऊ केसांचा कोरा ब्रश
- मऊ शिशाच्या पेन्सिली (टू-बी किंवा फोर-बी)
- पांढरा, बिनरंगी, सुती हातकागद किंवा आम्लरहित कागद
- मांजरपाट, दोनदा धुऊन खळ पूर्ण काढलेला, आणि बांधायला सुती नाडी
- पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे पारदर्शक खिसे
- सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रतामापक
- धूळ-बुरशीसाठी मास्क
- एक जाड, बांधीव वही

हातमोज्यांची गरज नाही. सुती मोज्यांत बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि जीर्ण कडा अडकून फाटते. हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, बस. फोटो आणि निगेटिव्ह हाताळताना मात्र मोजे घाला.

३. उघडताना मूळ क्रम मोडू नका

पावसाळ्यात ट्रंक उघडायला घेऊ नका. कोकणात आणि मुंबईत तर नाहीच. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बसा. पंखा बंद, टेबलावर स्वच्छ चादर, आणि चहाचे कप दुसऱ्या खोलीत.

उघडल्या उघडल्या वरून फोटो काढा. प्रत्येक थर, प्रत्येक गठ्ठा, त्यावर बांधलेली सुतळी, चिठ्ठी, जसं आहे तसं. कोणीतरी विशिष्ट पत्रं विशिष्ट पत्रांसोबत बांधून ठेवली होती, त्यामागे कारण होतं. एका गठ्ठ्यात जमिनीच्या वादाची नोटीस, वकिलाचं पत्र आणि भावाचं रागाचं पोस्टकार्ड एकत्र असेल, तर ती एक गोष्ट आहे. तुम्ही पोस्टकार्डं एकीकडे आणि नोटिसा दुसरीकडे केल्या की गोष्ट संपली. आपल्याकडे उत्साही मंडळी पहिल्याच दुपारी "आजोबांची पत्रं", "काकांची पत्रं", "इतर" असे ढीग घालतात. थांबवा त्यांना.

गठ्ठ्यांना क्रमांक द्या आणि आतल्या प्रत्येक कागदाला उपक्रमांक, म्हणजे गठ्ठा ४, कागद १७. क्रमांक कागदाच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेन, मार्कर किंवा चिकटणारी लेबलं वापरू नका. वहीत क्रमांकासमोर एवढं लिहा: कोणी, कोणाला, कुठून, कधी, काय आहे, ही माहिती कोणी सांगितली. शेवटचा रकाना लोक गाळतात. "मोठ्या आत्याने सांगितलं" आणि "पत्रावरूनच कळतं" यांत पुढच्यांच्या दृष्टीने मोठा फरक असतो.

पाकिटं फेकायची नाहीत. पत्रावर तारीख नसते तेव्हा पोस्टाचा शिक्का पाकिटावरच असतो.

४. स्वच्छता, आणि करू नयेत अशा दुरुस्त्या

मला आतापर्यंत दिसलेलं बरंचसं नुकसान वाळवीपेक्षा मायेने केलेल्या दुरुस्तीने झालेलं आहे. त्यामुळे हा भाग सावकाश वाचा.

धूळ ब्रशने मधून कडेकडे, हलक्या हाताने झटका. ओलं फडकं कशालाही लावू नका. बोरूने लिहिलेल्या जुन्या कागदांवरची काजळाची शाई डिंकात कालवलेली असते, ती ओलीने पसरते. फाउंटन पेनची निळी शाई तर धुऊनच जाते. कॉपिंग पेन्सिलीचं करडं अक्षर पाणी लागताच जांभळं होऊन पसरतं. हिरडा आणि हिराकशीची शाई असेल तर ती कागदालाच हळूहळू खाते, अक्षरांच्या जागी बारीक चिरा दिसतात. असा कागद घडी उलगडण्याच्याही फंदात न पडता तसाच आडवा ठेवा.

लॅमिनेशन कधीही करू नका. उष्णतेने आणि चिकट थराने कागद कायमचा अडकतो, पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून डाग सोडते. फेव्हिकॉल कडक होतं आणि त्याच्या कडेने कागद नव्याने तुटतो. जुनी सेलोटेप निघत नसेल तर ओढू नका, ती काढणं तज्ज्ञांचं काम आहे. गंजलेली टाचणी काढताना तिच्याखाली प्लॅस्टिकच्या पत्र्याची बारीक पट्टी सरकवा, मग टाचणी सरकवा. स्टेपलचे पाय मागून उघडा, पुढून खेचू नका. रबरबँड वितळून चिकटले असतील तर त्यांचा सुटलेला भाग कापून घ्या, चिकटलेला राहू द्या.

कडक उन्हात वाळवणं ही आणखी एक जुनी सवय. उन्हाने शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. सावलीत, वाऱ्याच्या झोताबाहेर पसरा. कसर किंवा वाळवी दिसली तर तो गठ्ठा लगेच वेगळा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, म्हणजे बाकीच्यांना लागण होणार नाही. बुरशी ओली असताना ब्रश लावला तर ती कागदात घुसते. आधी कोरडी होऊ द्या, मग मास्क लावून, घराबाहेर झटका.

कडुनिंबाची पानं आणि वेखंड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात जरूर ठेवा. पण ओली पानं पत्रांच्या मध्ये घालू नका, त्यांचा ओलावा आणि डाग दोन्ही कागदात उतरतात. डांबरगोळ्याही कागदाला टेकू देऊ नका.

एक गोष्ट अनेकांना चकित करते. पणजोबांच्या वेळचा मोडी कागद हाताला अजून लवचीक लागतो आणि वडिलांच्या तरुणपणचं पत्र घडीवर तुटतं. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागझीपुरा इथला जुना हातकागद चिंध्या आणि तागाच्या लांब तंतूंचा असे. गिरणीतला लाकडाच्या लगद्याचा कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा आणि ठिसूळ होतो. त्यामुळे "जुना म्हणजे नाजूक" हे गृहीत धरू नका. साठच्या-सत्तरच्या दशकातल्या स्वस्त कागदाची पत्रं आधी स्कॅन करा.

५. तारीख आणि नाती शोधणं

इथे खरा वेळ द्यायचा आहे, आणि खरा आनंदही इथेच आहे.

पत्रावर "शके १८६४, चैत्र शुद्ध पंचमी" असं असेल तर शकात ७८ मिळवा, म्हणजे १९४२. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे १ जानेवारीनंतर फाल्गुन अमावास्येपर्यंतच्या मितीला ७९ मिळवावे लागतात. व्यापारी घराण्यांच्या कागदांत विक्रम संवत असेल, त्यातून साधारण ५७ वजा. महसुली कागदांत फसली सन असेल तर त्यात ५९० मिळवून येणाऱ्या इसवी सनाच्या मध्यावर, मृगाच्या सुमाराला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, ते वर्ष सुरू होतं. पेशवेकालीन कागदांत शुहूर सन येतो आणि तोही अरबी आकड्यांच्या शब्दांत, "सलास सबैन मया व अलफ" असा, म्हणजे ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२, आणि वर्ष इथेही मृगापासून. नेमकी इंग्रजी तारीख हवी असेल तर जंत्रीच, म्हणजे मित्या आणि इंग्रजी तारखांचा मेळ दाखवणारं कोष्टकच, पाहावी लागते. घाईने अंदाज लिहायचा झाला तर पुढे "अंदाजे" लिहा.

तारीखच नसेल तर पोस्टाच्या खुणा बोलतात. तिकिटाची किंमत आण्यात असेल तर पत्र बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. "नये पैसे" छापलेलं तिकीट १९५७ ते १९६४ या काळातलं, कारण नंतर "नये" शब्द गेला. सहाआकडी पिनकोड आहे? मग पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. "मुंबई २८" किंवा "पुणे ३०" असे छोटे क्रमांक त्याआधीच्या पत्त्यांत असत आणि तेच पुढे ४०००२८, ४११०३० या पिनकोडांच्या शेवटी आले. अनेकजण जुन्या सवयीने नंतरही छोटा क्रमांकच लिहीत, म्हणून फक्त तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. तार असेल तर ती जपून ठेवा, जुलै २०१३ पासून ती सेवाच बंद झाली.

आता मायना. आपल्या पत्रांत नातं पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं. "तीर्थरूप" म्हणजे लिहिणारा लहान, "चिरंजीव" म्हणजे लिहिणारा मोठा. "शि. सा. न. वि. वि." (शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष) आणि "अनेक आशीर्वाद" यांवरून वयाची उतरंड लागते. एकाच बाईला एका पत्रात "सौ." आणि दुसऱ्यात "गं. भा." लिहिलेलं आढळलं, तर त्या दोन पत्रांच्या मध्ये तिचा नवरा गेला आहे. वंशावळीत मृत्यूची तारीख रिकामी असेल तर ती अशी चिमटीत पकडता येते. निधनाची बातमी देणारी पत्रं क्वचितच सापडतील. वर "श्री" नसलेलं, काही भागांत कोपरा फाडलेलं ते कार्ड वाचून झालं की लोक फाडून टाकत, घरात ठेवत नसत.

बायकांची नावं हा सगळ्यात मोठा सापळा. लग्नानंतर पाळण्यातलं नाव बदलायची चाल अनेक घरांत होती. माहेरच्या पत्रांतली कुसुम आणि सासरच्या पत्रांतली लक्ष्मी एकच असू शकते. म्हणून वहीत प्रत्येक स्त्रीची माहेर आणि सासर, दोन्ही नावं-आडनावं शेजारी लिहा, आणि हाक मारायचं नावही. हे न केल्यामुळे कित्येक वंशावळींत बायका फक्त "पत्नी" म्हणून उरतात. त्यांची स्वतःची पत्रं ट्रंकेत असताना असं होऊ देऊ नये.

पूर्वजांची नावं जुळत नसतील तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्या पाहा. घराण्यातलं कोणी तिथे गेलेलं असेल तर नावं, गाव आणि कधीकधी सहीसुद्धा मिळते.

६. मोडी कागद

वाचता येत नाही म्हणून बाजूला टाकू नका आणि कोणाला सरसकट मूळ कागद देऊनही टाकू नका. आधी स्पष्ट फोटो काढा आणि जाणकाराला फोटोच द्या. लिप्यंतर मागा, नुसता सारांश नको. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करत आलं आहे. धुळ्याला राजवाडे मंडळ आहे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची मुंबई, पुणे आणि कोल्हापूर इथे दप्तरं आहेत. तिथे वावरणारे मोडी वाचक भेटतात आणि मोडीचे वर्गही भरतात. घरातल्या एखाद्या तरुण मुलाला किंवा मुलीला अशा वर्गाला घाला. छापील बाराखडी पटकन येते, पण आपल्या पणजोबांच्या वळणाची सवय व्हायला आपल्याच घरचं माणूस लागतं. गोव्यातल्या घरांत मोडीबरोबर पोर्तुगीज कागदही निघतील, त्यांसाठी पणजीचं पुराभिलेख खातं आहे.

७. कायद्याच्या कामाचे कागद वेगळ्या पेटीत

खरेदीखत, वाटणीपत्र, सनद, मृत्युपत्र, जुने सातबारा, शाळा सोडल्याचे दाखले, कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकला हे भावनेच्या पेटीत ठेवू नका. मूळ गठ्ठ्यात त्यांच्या जागी क्रमांकाची चिठ्ठी ठेवा आणि ते वेगळे काढा.

३० वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून न्यायालयासमोर आला, तर त्यावरची सही आणि अक्षर खरं असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. आधी हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये आहे. "योग्य ताबा" म्हणजे जिथे तो कागद असणं स्वाभाविक आहे तिथे तो असणं. म्हणून कोणाकडे, कधीपासून होता याची नोंद वहीत तारखेसह करा.

जात पडताळणीलाही जुने दाखले लागतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा मानल्या जातात. त्याआधीचा आजोबांचा शाळेचा दाखला नातवाचं काम सोपं करतो. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात मोडी कागदांना किती महत्त्व आलं ते आपण पाहिलंच आहे. असे मूळ कागद कोणत्याही कार्यालयात सोडून येऊ नका, दाखवा आणि परत घ्या. थर्मल कागदावरच्या पावत्या उडून जातात, त्यांची लगेच झेरॉक्स काढा.

८. ठेवायचं कशात आणि कुठे

पेशवे दप्तरातले कागद रुमालात, म्हणजे चौकोनी सुती कापडात, बांधलेले असतात, आणि घरासाठीही ही पद्धत उत्तम आहे. पत्रं शक्यतो उलगडून सपाट ठेवा. दर काही पत्रांनंतर हातकागदाचं पान घाला, सगळा गठ्ठा मांजरपाटात गुंडाळा, सुती नाडीने सैल बांधा. कापड ओलावा आत कोंडत नाही. फार जीर्ण कागद एकेका पॉलिएस्टरच्या खिशात, मागे हातकागदाचा आधार देऊन. बाजारातल्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी फाइली टाळा, त्या शाई उचलून घेतात. चिकट पानांच्या अल्बममधले फोटोही हळूच बाहेर काढा. निघत नसतील तर पानासकट स्कॅन करा.

जागा निवडताना माळा नको, तिथे पत्र्याची उष्णता असते. तळाचा कप्पा नको, पाणी आधी तिथे शिरतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यातली किती घरं कोरी झाली ते जुन्या पेठांत विचारा. चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूरच्या लोकांना तर हे सांगायलाच नको. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पावसाळ्यात ओल धरतं आणि देवघराशेजारी काजळी बसते. आतल्या खोलीतला, लोखंडी कपाटाचा मधला कप्पा सगळ्यात बरा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम, ६५ च्या वर सतत राहिली की बुरशी धरते. सिलिका जेलचा रंग बदलला की पुडी बदला.

कागद भिजलेच तर पहिले दोन दिवस निर्णायक असतात. ओले कागद एकमेकांपासून ओढून सोडवू नका. टीपकागदावर पसरा, खोलीत हवा खेळती ठेवा. गठ्ठा मोठा असेल तर पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. त्याने बुरशी थांबते आणि तज्ज्ञ गाठायला वेळ मिळतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचं केंद्र आहे, मौल्यवान कागदांबाबत तिथे विचारा.

९. स्कॅन

पत्रांना ३०० डीपीआय, छोट्या फोटोंना आणि फिक्या अक्षरांना ६००. रंगीतच करा, शिक्का आणि शाईचा रंग हीही माहिती आहे. दोन्ही बाजू, पाकीट, रिकामं वाटणारं पानही. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन कागदाला समांतर धरून फोटो काढा. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, मग गठ्ठा आणि कागद क्रमांक, उदाहरणार्थ १९५४-०३-१२_ग४_क१७. आकडे मराठी की इंग्रजी हे एकदाच ठरवा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. फॅमिली ग्रुपवर टाकलेला फोटो ही प्रत नव्हे, तिथे तो लहान होतो.

स्कॅन झालं तरी मूळ ठेवायचं.

१०. अवघड पत्रं, आणि पुढचा ताबा

भांडणं, आजारपणं, मोडलेली लग्नं, कर्जं हे सगळं निघेल. ते फाडू नका. जिवंत माणसाला दुखावणारं पत्र वेगळ्या पाकिटात बंद करून वर "अमुक वर्षानंतर उघडावं" असं लिहा. आणि काही छापायचं किंवा सगळ्यांसमोर मांडायचं असेल तर एक ध्यानात असू द्या: पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. भारतात हा हक्क साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, पण लेखकाच्या हयातीत न छापलेल्या पत्रांसाठी ही ६० वर्षं ती पहिल्यांदा छापल्यापासून मोजतात. चुलत-आत्ये भावंडांना आधी विचारा.

पुढे सांभाळणारं घरात कोणी दिसत नसेल तर संग्रह संशोधन संस्थेला द्यायचा विचार करा. देताना यादी जोडा, लेखी पोच घ्या, कुटुंबाला प्रती मिळतील का आणि बंद पाकिटांचं काय होईल हे कागदावर लिहून घ्या. वाटण्या करून चार भावंडांत चार गठ्ठे देणं टाळा. प्रत्येकाला पूर्ण स्कॅन द्या, मूळ संग्रह एकाकडेच ठेवा. तो कोणाकडे, त्यानंतर कोणाकडे, आणि वही कुठे आहे हे मृत्युपत्रात एका ओळीत लिहा. दरवर्षी दिवाळीनंतर कपाट उघडून कसर, ओल आणि सिलिका जेल तपासायचं, हार्ड डिस्क चालू करून पाहायची आणि वहीत तारीख टाकून सही करायची.